लांब पटरवर बंदी नाही, बंदी टेकवण्यावर आहे

‘छातीपर्यंत येणारा लांब पटर गोल्फमध्ये बाद झाला, कारण त्याने स्कोअर हमखास सुधारतो.’ आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. पटर म्हणजे चेंडू भोकाकडे ढकलायची गोल्फची काठी. तो पटतो यात नवल नाही. पूर्वी टीव्हीवर पोटाला, छातीला टेकवलेले पटर दिसायचे, आता दिसत नाहीत.

पण १ जानेवारी २०१६ पासून मनाई आली ती अंगाला टेकवून मारण्याच्या पद्धतीला, पटरला नव्हे. पटर किमान १८ इंच हवा. जास्तीत जास्त किती, याला मर्यादाच नाही.

फरक हाताला कळतो. रावेरकडे केळीला टेकू देतात तसला बांबू छातीएवढा कापून घ्या. वरचं टोक छातीच्या हाडावर दाबून खालच्या टोकाने चेंडू ढकला. काठी लंबकासारखी झुलते, वरचं टोक जागचं हलत नाही. आता तेच टोक दोन बोटं पुढे घ्या. हाताचा कंप लगेच खाली उतरतो. पहिला प्रकार बंद, दुसरा चालतो. मूठ अंगाला रोवणंही बंद. दांडी कोपराखालच्या हाताला लावून धरणं मात्र चालतं.

आता स्कोअर. मनाईचं कारण आकडे नव्हतं. काठी पूर्ण मोकळी फिरली पाहिजे, एवढंच होतं. टेकवून मारलात तर स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे एकूण फटके मोजतात त्या प्रकारात, दोन फटक्यांचा दंड, म्हणजे पटरच्या एका फटक्याचे तीन. नियमपुस्तकात १०.१ब उघडा, तिथे हे सगळं चित्रांसह आहे.