रुग्णालय-जहाज: खाटा मोजून काय कळतं?

कुठे भूकंप झाला, त्सुनामी आली आणि मदतीला रुग्णालय-जहाज निघालं, की बातमीत पहिला आकडा खाटांचा येतो. जणू नौदलाच्या जहाजात खाटा मांडल्या, बाहेरून लाल क्रॉस रंगवला की झालं रुग्णालय! हा समज किती अपुरा आहे, ते इंडोनेशियाच्या ‘डॉ. सुहार्सो’ या जहाजावरून कळतं. दक्षिण कोरियात बांधलेलं हे 122 मीटर लांबीचं जहाज 2003 साली ‘तान्जुंग दालपेले’ या नावाने ताफ्यात आलं. काम होतं सैनिक आणि वाहनं किनाऱ्यावर उतरवण्याचं. 2007 मध्ये त्याचं रुग्णालय-जहाज झालं आणि त्याला एका नामवंत अस्थिशल्यतज्ज्ञाचं नाव मिळालं.

अशा जहाजाच्या मागच्या भागात, पोटातच एक गोदी असते. बॅलास्ट टाक्यांत, म्हणजे जहाजाचं वजन कमी-जास्त करण्याच्या टाक्यांत, समुद्राचं पाणी घेतलं की मागची बाजू खाली बसते, दरवाजा उघडतो आणि लहान नौका तरंगतच आत येतात. बंदर उद्ध्वस्त झालं असलं तरी जखमींना दोराने वर ओढावं लागत नाही. 2018 च्या त्सुनामीनंतर ‘डॉ. सुहार्सो’ इंडोनेशियातल्याच पालू शहराला गेलं होतं. अमेरिकेचं ‘कम्फर्ट’ हे मूळचं तेलवाहू जहाज. त्याला अशी गोदी नाही आणि सुमारे 10 मीटर खोल पाणी लागतं, म्हणून अनेक ठिकाणी ते किनाऱ्यापासून दूरच थांबतं.

खरी गंमत वजनात आहे. खालच्या डेकवरची जड वाहनं काढून वरच्या मजल्यांवर वॉर्ड आणि यंत्रं बसवली, तर जहाजाचा गुरुत्वमध्य वर सरकतो. त्यामुळे ‘मेटासेंट्रिक उंची’, म्हणजे कललेल्या जहाजाची सरळ होण्याची ताकद दाखवणारं माप, कमी होते. मग ती वाढवायला तळाशी भरपूर बॅलास्ट भरावं? तसंही चालत नाही. डोलण्याचा आवर्तकाल, म्हणजे एका पूर्ण हेलकाव्याला लागणारा वेळ, ढोबळमानाने 0.8 गुणिले रुंदी भागिले या उंचीचं वर्गमूळ इतका असतो. 22 मीटर रुंदीच्या जहाजाची ही उंची 1 मीटर धरली तर एक हेलकावा 17.6 सेकंदांचा होतो. 4 मीटर धरली तर 8.8 सेकंदांचा. आवर्तकाल निम्मा झाला की तेवढ्याच कोनाच्या हेलकाव्यात त्वरण चौपट होतं. जहाज उलटण्यापासून जास्त सुरक्षित, पण शस्त्रक्रिया करणाऱ्या हाताला प्रत्येक वेळी हिसका!

म्हणूनच शस्त्रक्रियागृह शक्यतो जहाजाच्या मध्याजवळ हवं. समजा, पुढचं आणि मागचं टोक आळीपाळीने वर-खाली होत जहाज दर 6 सेकंदांनी 2 अंशांनी झुलतंय. मध्यापासून 50 मीटरवर त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास पाचव्या हिश्शाइतकं होतं. 5 मीटरवर त्याचा दहावा भाग. सी-सॉच्या टोकाला आणि मधोमध बसण्यातला फरक हाच.

म्हणून खाटांच्या आकड्याने भारावून जाऊ नये. 2020 मध्ये ‘कम्फर्ट’ न्यूयॉर्कला गेलं तेव्हा त्याच्या 1000 खाटांचा केवढा गाजावाजा झाला! प्रत्यक्षात उपचार झाले ते सुमारे 180 रुग्णांवर. शस्त्रक्रियागृहं किती, रक्तसाठा किती, कोणते रुग्ण घेणार आणि ते जहाजापर्यंत कसे पोहोचणार, हे आधी विचारायला हवं.

आणि नुसता लाल क्रॉस रंगवला की संरक्षण मिळतं, असंही नाही. 1949 च्या दुसऱ्या जिनिव्हा करारानुसार युद्धात लष्करी रुग्णालय-जहाजाला संरक्षण हवं असेल, तर त्याचं नाव आणि वर्णन वापराच्या किमान 10 दिवस आधी विरुद्ध पक्षाला कळवावं लागतं, आणि मग त्याचा कोणताही लष्करी वापर करता येत नाही.