घुसलेला आणि ठेवलेला: बंद घरातल्या कब्जेदाराचे दोन प्रकार

वडिलोपार्जित घर वर्षानुवर्षं बंद, वारस चार गावांत पांगलेले, आणि एक दिवस कळतं की आत कुणीतरी संसार थाटलाय. अशा माणसाला सगळे घरवाले सरसकट ‘घुसखोर’ म्हणतात. जरा खोदून विचारलं की पुष्कळदा निघतं, याला आजोबांनीच ठेवला होता. झाडलोट करायला, राखणीला, किंवा ‘पोराची शाळा होईपर्यंत राहा’ म्हणून.

बाहेरून दोघे सारखेच दिसतात. दाराला त्याचं कुलूप, दोरीवर त्याचे कपडे, आधार कार्डावर तोच पत्ता. कायद्याला मात्र ही दोन वेगळी माणसं आहेत. एकासाठी मालकाच्या दाव्याची मुदत मोजणारं घड्याळ पहिल्या दिवसापासून चालू होतं, दुसऱ्यासाठी तीस वर्षं झाली तरी चालू झालेलं नसतं. न्यायालय वेगळं असू शकतं, पुरावाही वेगळा. आणि पहिल्या नोटिशीत त्याला जे नाव द्याल, ते पुढे अंगाला चिकटतं. म्हणून वकिलाकडे जाण्याआधी घरातल्या सगळ्यात जुन्या माणसाला विचारून घ्यावं: हा आत आला कसा?

फरक आहे तो प्रवेशाचा. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५२ प्रमाणे, जी गोष्ट एरवी बेकायदा ठरली असती ती दुसऱ्याच्या जागेत करण्याची परवानगी म्हणजे परवाना. त्याने जागेत कसलाही हक्क निर्माण होत नाही. परवाना लेखीच हवा असं नाही. तोंडी चालतो, वागण्यातूनही दिसू शकतो. घुसखोराला कुणीच, कधीच हो म्हटलेलं नसतं.

आधी घुसखोराचं पाहू, कारण तिथे वेळ कमी असतो.

कुलूप तोडल्याचं कळलं की त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९(४) खाली गृह-अतिक्रमणाला एक वर्षापर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘हा दिवाणी वाद आहे’ असं उत्तर हमखास मिळतं. त्याला तोडगा म्हणजे तक्रारीतला तपशील. ‘आमचं घर बळकावलं’ एवढंच लिहिलं तर तो दिवाणी वादच वाटतो. ‘अमुक तारखेपर्यंत आमचं कुलूप होतं, किल्ली अमुककडे होती, कोयंडा उचकटलेला आहे, तुटलेलं कुलूप ओट्यावर पडलं आहे, शेजारच्या दोघांनी पाहिलं’ असं लिहिलं की गुन्ह्याचे घटक कागदावर येतात. उचकटलेल्या कोयंड्याचा जवळून आणि दारासकट लांबून असे दोन्ही फोटो काढावेत. नुसत्या जवळच्या फोटोवरून तो कुठल्या दाराचा आहे हे कळत नाही.

ताब्यावरून शांतता भंगण्याची शक्यता असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६४ खाली कार्यकारी दंडाधिकारी ताबा कुणाचा एवढंच ठरवतो. मालकी नाही. इथे दोन महिन्यांची मेख आहे. पोलीस अहवाल किंवा माहिती पोचण्याच्या आधीच्या दोन महिन्यांत तुम्हाला जबरदस्तीने हुसकावलं असेल, तर ताबा तुमचाच होता असं धरता येतं. त्याहून उशीर केला तर ही सवलत हातची जाते.

दिवाणी बाजूला सगळ्यात धारदार हत्यार म्हणजे विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ चं कलम ६. संमतीविना आणि कायद्याची रीत सोडून ताबा गेला असेल, तर सहा महिन्यांच्या आत दावा लावायचा. त्यात मालकी शाबीत करावी लागत नाही. वारस नोंद झालेली नाही, फेरफार अडकलाय, जुनं खरेदीखत सापडत नाही, तरी चालतं. तुमचा ताबा होता आणि तो हिसकावला गेला एवढं दाखवायचं. निकालावर अपील नाही, पुनर्विलोकनही नाही. मात्र हा दावा सरकारविरुद्ध लावता येत नाही. २०१८ च्या दुरुस्तीने यात एक उपयोगी भर पडली आहे. तुमचा ताबा राखणदारामार्फत होता आणि घुसखोराने त्याला बाहेर काढलं, तर दावा तुम्ही स्वतः लावू शकता. सहा महिने उलटले तर कलम ५ खाली मालकीच्या जोरावर ताब्याचा दावा करायचा. तिथे सगळे कागद लागतात आणि अपिलांची पायरी-पायरीही चढावी लागते. ‘बसून बोलू, दिवाळीनंतर बघू’ यात हे सहा महिने जातात, आणि घुसखोरालाही तेच हवं असतं.

स्वतः जाऊन बाहेर काढता येतं का? घुसखोर नुकताच शिरतोय, अजून बस्तान बसलेलं नाही, तेव्हा मालक त्याला वाजवी बळ वापरून रोखू शकतो. एकदा मालकाला माहीत असताना तो तिथे स्थिरावला, की त्याला कायद्याच्या मार्गानेच काढावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २००३ च्या रामे गौडा निकालात ही रेघ ओढून दिली आहे. म्हणून चार माणसं नेऊन सामान रस्त्यावर टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नये. तसं केलंत तर कलम ६ चा दावा तोच तुमच्यावर लावेल, आणि तुमची मालकी त्याला उत्तर ठरणार नाही.

आता बारा वर्षांचा मुद्दा. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत.

मुदत अधिनियम, १९६३ च्या अनुच्छेद ६५ प्रमाणे मालकीच्या आधारावरच्या ताब्याच्या दाव्याला बारा वर्षं मिळतात, आणि ती मोजायची कब्जा मालकाविरुद्ध झाला त्या दिवसापासून. ती मुदत संपली की कलम २७ मुळे मालकाचा हक्कच संपतो. २०१९ पासून परिस्थिती आणखी कडक आहे. असा कब्जेदार केवळ बचावात नव्हे, तर स्वतः वादी होऊनही विरुद्ध कब्जाने (म्हणजे मालकाचा हक्क नाकारून केलेल्या कब्जाने) आलेली मालकी मागू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने रविंदर कौर ग्रेवाल निकालात सांगितलं. पण नुसतं बारा वर्षं राहिलो म्हणून भागत नाही. कब्जा कोणत्या तारखेला सुरू झाला, कोणत्या स्वरूपाचा होता, मालकाला माहीत होता का, किती काळ चालला, उघड आणि अखंड होता का, हे सगळं त्यालाच शाबीत करावं लागतं.

मालकांची चूक कुठे होते? त्यांना वाटतं, आपण दर दोन वर्षांनी नोटीस पाठवतोय, तक्रार देतोय, म्हणजे घड्याळ थांबलं. नोटिशीने ते थांबत नाही, पोलीस तक्रारीनेही नाही. बारा वर्षांच्या आत दावा दाखल व्हायला हवा. उलट तुमची नोटीस हाच त्याच्यासाठी ‘मालकाला माहीत होतं’ याचा पुरावा होतो.

ठेवलेल्या माणसाच्या बाबतीत हे सगळं फिरतं. परवानगीने आत असलेल्याचा कब्जा विरुद्ध नसतो, मग तो कितीही वर्षं असो. २०१२ च्या गोव्यातल्या मारिया मार्गारिडा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलं आहे की राखणदार, पहारेकरी किंवा नोकर यांना दीर्घ वास्तव्याने जागेत हक्क मिळत नाही आणि मागणी होताच त्यांनी ताबा द्यायचा असतो. घड्याळ सुरू होतं ते त्याने उघडपणे ‘घर माझं, तुमचा संबंध नाही’ असं म्हटल्यावर आणि ते तुमच्यापर्यंत पोचल्यावर. तो दिवस नोंदवून ठेवावा.

म्हणूनच नोटिशीला आलेलं उत्तर शब्द न शब्द वाचायचं. ‘आमचे वडील तुमच्या आजोबांच्या सांगण्यावरून राहायला आले’ एवढं एक वाक्य त्यात सापडलं, की विरुद्ध कब्जाचा मुद्दा जवळजवळ गळून पडतो, कारण मालक कोण आणि प्रवेश कसा हे दोन्ही त्याने कबूल केलं. ‘आम्ही भाडेकरू आहोत’ असं लिहिलं तरी तेच: भाडेकरू म्हणजे मालक मान्य. फक्त मग वाद भाडे नियंत्रण कायद्यात जातो, आणि तो तुम्हाला सोयीचा असेलच असं नाही.

ठेवलेल्याला काढायची रीत अशी. आधी परवाना लेखी रद्द करायचा, पोचपावती मिळेल अशा पद्धतीने. नोटिशीत परवानगी कुणी दिली, साधारण कधी, कशासाठी, किती खोल्यांची, आणि ती आता रद्द केली आहे हे लिहायचं. सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्याला सामान हलवायला वाजवी वेळ द्यावा लागतो. कायद्यात दिवसांचा आकडा नाही, पंधरा ते तीस दिवस देण्याचा प्रघात आहे. नोटिशीत ‘भाडेकरू’ किंवा ‘भाडं’ हे शब्द चुकूनही येता कामा नयेत. परवाना वैयक्तिक असतो, वारसाला मिळत नाही. ठेवलेला गेला आणि आता त्याचा मुलगा राहतोय, तर मुलाला स्वतंत्र नोटीस द्यावी.

मग न्यायालय. मुंबईत परवानाधारकाविरुद्ध ताब्याचा दावा लघुवाद न्यायालयात जातो. फुकट ठेवलेल्याचाही तिथेच, हे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नक्की केलं. पुण्यासारख्या लघुवाद न्यायालय असलेल्या शहरांतही तशीच तरतूद आहे. घुसखोराविरुद्धचा दावा मात्र दिवाणी न्यायालयात. कोणतं न्यायालय हे तुमच्या दाव्यातल्या मजकुरावरून ठरतं. म्हणून ठेवलेल्याला रागाच्या भरात घुसखोर लिहिलं, आणि पुढे तुमच्याच जुन्या पत्रात ‘आम्ही त्याला राहू दिलं’ निघालं, तर दावा योग्य न्यायालयात लावायला परत दिला जातो आणि काम बहुतेक पहिल्यापासून सुरू होतं. चुकीच्या न्यायालयात प्रामाणिकपणे गेलेला काळ मुदतीतून वगळता येतो, पण आयुष्यातून नाही.

राहण्यासाठीचा नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार असेल आणि त्याची मुदत संपली असेल, तर रस्ता सगळ्यात सरळ. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने नुकसानभरपाई मिळू शकते. करार तोंडी किंवा नोंदणीविना असेल आणि पैसे मात्र घेतले जात असतील, तर कलम ५५ तुमच्या विरुद्ध जातं. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची असते. ती केली नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं, उलट शाबीत होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. ‘लाइट बिलापुरते पाचशे देतो’ म्हणून दरमहा खात्यात येणारी रक्कम पुढे भाडं म्हणून उभी राहते. घुसखोराकडून तर एक रुपयाही घेऊ नये.

ठेवलेल्याच्या बाबतीत बांधकामावर लक्ष हवं. परवान्यावर विसंबून त्याने कायम स्वरूपाचं काम स्वखर्चाने केलं, तर सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम ६० मुळे परवाना रद्द करणंच अडतं. कौलं फिरवली, रंग दिला हे दुरुस्तीत मोडतं. मागे पक्की खोली चढवली आणि तुम्ही गणपतीला येऊन त्यात चहा पिऊन गेलात, ही वेगळी गोष्ट. पाया खणलेला दिसताच लेखी हरकत घ्यावी.

चुलतभाऊ राहत असेल तर तो या दोन्हींत बसत नाही. एका सहहिस्सेदाराचा ताबा सगळ्यांचा मानला जातो. त्याच्यावर वाटपाचा दावा लावायचा, बेदखलीचा नव्हे. परका शिरला असेल तर मात्र एकटा वारसही सगळ्यांच्या वतीने दावा लावू शकतो. सर्वांच्या सह्या मिळेपर्यंत थांबायचं कारण नाही.

कागदांबद्दल थोडं. वीज जोडणी कब्जेदाराच्या नावावर मिळू शकते, कारण विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ४३ मध्ये मालक किंवा भोगवटादार असं दोघांनाही म्हटलं आहे. घरपट्टीची पावती, ग्रामपंचायतीचा नमुना ८, वीजबिल यांतून मालकी येत नाही, पण कब्जा कधीपासून हे त्यातून दिसतं, आणि बारा वर्षांच्या हिशेबात तेच महत्त्वाचं. म्हणून घर बंद असलं तरी घरपट्टी आपणच भरावी आणि नमुना ८ किंवा प्रॉपर्टी कार्डाचा उतारा वर्षातून एकदा काढून बघावा. घराला लागून शेत असेल तर सातबाऱ्यावरची पीक पाहणी आणि इतर हक्कांचा रकानाही पाहावा. तिथे कूळ म्हणून नाव घुसलं तर प्रकरण कूळ कायद्यात जातं.

दोन्ही दाव्यांत ताब्यासोबत निकालापर्यंतची भोगवटा भरपाई (जागा वापरल्याबद्दलचे पैसे) मागायला विसरू नये. शिवाय जागा तिसऱ्याच्या हाती देऊ नये म्हणून तात्पुरत्या मनाईचा अर्ज पहिल्याच तारखेला द्यावा. हुकूमनामा झाला की दरखास्त (त्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) दाखल करायची, मग बेलिफ ताबा देतो. त्या दिवशी कुलूपवाला, नवी कुलपं, दोन पंच आणि त्या रात्रीपासून तिथे राहणारं माणूस तयार ठेवावं. आत अनोळखी कुणी निघून ‘मी वेगळ्या हक्काने आहे’ म्हणाला, तर त्याच दरखास्तीत अडथळा दूर करण्याचा अर्ज करायचा, नवा दावा लावायचा नाही. ताबा पावतीवर बेलिफाची आणि पंचांची सही झाल्यावर मीटरचं वाचन, खोल्यांची स्थिती आणि उरलेलं सामान यांची यादी तिथेच करून घ्यावी.