हलका पार्टिकल बोर्ड

लाकडाच्या चिपा रेझिनने चिकटवून, दाबून केलेली फळी म्हणजे पार्टिकल बोर्ड. हलका पार्टिकल बोर्ड म्हणजे नेहमीच्या पार्टिकल बोर्डापेक्षा कमी लाकूड वापरून केलेला, कमी घनतेचा बोर्ड. साध्या बोर्डाची घनता साधारण ६०० ते ७२० किलो प्रति घनमीटर असते. युरोपीय मानक समिती सीईएनच्या सीईएन/टीएस १६३६८ या दस्तऐवजाप्रमाणे ६०० च्या खालचे बोर्ड हलके धरले जातात. आठ बाय चार फुटी, १८ मिमी जाडीची शीट ६५० घनतेची असेल तर तिचं वजन जवळपास ३५ किलो भरतं. तीच ४५० घनतेची असेल तर २४ किलो. हा अकरा किलोंचा फरक किती मोठा, हे शीट खांद्यावर घेऊन जिना चढणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही.

पार्टिकल बोर्डाचा जन्मच लाकूड वाचवण्यासाठी झाला. फळ्या कापताना उरणाऱ्या साली, ढलप्या, भुसा यांचं काहीतरी करावं म्हणून जर्मनीत माक्स हिमेलहेबर यांनी १९३० च्या दशकात या पद्धतीवर काम केलं आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथे कारखानदारी उत्पादन सुरू झालं. पुढे हाच भुसा आणि याच चिपा इंधनाच्या गोळ्या करण्यासाठीही मागितल्या जाऊ लागल्या. टाकाऊ म्हणून हाती येणारा माल टाकाऊ राहिला नाही, आणि त्याच जाडीचा बोर्ड कमी लाकडात कसा बसवायचा हा प्रश्न निकडीचा झाला.

सरळ उत्तर असं वाटतं की चिपा कमी घालाव्यात. ते जमत नाही. चिपा वाळवून त्यांच्यावर रेझिन फवारतात, त्यांची फुगीर गादी अंथरतात आणि साधारण १८० ते २२० अंश तापमानाच्या प्रेसमध्ये ती दाबतात. रेझिनचे थेंब चिपांवर तुटक-तुटक बसलेले असतात. दोन चिपा एकमेकींवर चपट्या होऊन टेकल्या, तरच तो थेंब दोघींना धरतो. म्हणून बोर्डाची घनता ज्या लाकडापासून तो बनला त्याच्या घनतेपेक्षा थोडी जास्त असावी लागते. गादी विरळ राहिली की चिपांमध्ये फटी राहतात आणि रेझिन फटीत सुकून जातं. असा बोर्ड हातात चांगला वाटतो, पण कडेला नख लावलं की चुरा पडतो.

याच नियमातून पहिला मार्ग निघतो: लाकूडच हलकं घ्यायचं. पॉपलर या झाडाच्या लाकडाची घनता ४०० च्या आसपास असते, बीच या झाडाच्या लाकडाची ७०० च्या. पॉपलरच्या चिपा ५०० घनतेच्या बोर्डातही नीट दाबल्या जातात. बीचच्या चिपांना त्या घनतेला दाब बसतच नाही. चिप लांब आणि पातळ केली तरी फायदा होतो, कारण तेवढ्याच वजनात टेकायला जागा जास्त मिळते.

खरी बचत मात्र बोर्डाच्या पोटात आहे. फळीवर वजन ठेवलं की वरचा पृष्ठभाग आखडतो, खालचा ताणला जातो आणि मध्यभाग जवळजवळ स्वस्थ असतो. एकजीव फळीचा ताठपणा जाडीच्या घनावर अवलंबून असतो. त्या हिशेबाने मधला एक तृतीयांश भाग ताठपणाचा फक्त सत्ताविसावा हिस्सा उचलतो. मधला निम्मा भाग घेतला तरी आठवा हिस्साच. साध्या बोर्डातही बारीक चिपांचे वरखालचे थर दाट आणि जाड चिपांचा गाभा विरळ असतोच. हलका बोर्ड करणारे तोच फरक वाढवतात: बाहेरचे थर जसेच्या तसे ठेवायचे आणि गाभ्यातलं लाकूड काढून तिथे हलकं काहीतरी भरायचं.

हे भरताना जागा नुसती व्यापून भागत नाही. भरलेल्या गोष्टीने प्रेसचा दाब झेलून शेजारच्या चिपा एकमेकींवर रेटल्या पाहिजेत. बीएएसएफ या जर्मन कंपनीच्या कौरिट लाइट पद्धतीत गाभ्यातल्या चिपांमध्ये फेसाळ पॉलिमरचे मणी मिसळतात आणि बोर्ड ३० टक्क्यांपर्यंत हलका होतो. जर्मनीतल्याच गॉटिंगेन विद्यापीठात अलिरेझा खराझिपूर यांच्या गटाने याच कामासाठी मक्याच्या लाह्या वापरल्या. मला ही कल्पना सर्वांत आवडते. लाही म्हणजे दाण्यातल्या पाण्याची वाफ होऊन फुललेला स्टार्च. ती हलकी असते, थोडी चेपली जाते आणि शेतात पिकते. पॉलिमरच्या मण्यांबद्दल यातलं शेवटचं म्हणता येत नाही.

शेतातला काडीकचराही या कामी येतो. जवस आणि भांग यांचे धागे काढल्यावर उरणाऱ्या काड्या मुळातच पोकळ-हलक्या असतात. जवसाच्या काड्यांचे बोर्ड दारांच्या गाभ्यात वापरले जातात. उसाच्या चिपाडातला मऊ भेंडासारखा गर आधी काढावा लागतो, नाहीतर रेझिन आणि पाणी दोन्ही तोच पिऊन टाकतो. गव्हाच्या काडावर मेणचट थर असतो. पाण्यातलं युरिया फॉर्मल्डिहाइड रेझिन त्यावर पसरत नाही, म्हणून आयसोसायनेट हे महाग रेझिन वापरावं लागतं, आणि ते काडाला चिकटतं तसंच प्रेसच्या पोलादी पत्र्यालाही.

गाभा पूर्ण रिकामा ठेवण्याची युक्ती जुनी आहे. ओटो क्राइबाउम यांच्या पद्धतीत चिपा तापलेल्या साच्यातून ठोकत पुढे ढकलतात. साच्यात गोल दांडे बसवले की बोर्डात आरपार नळ्या तयार होतात. यात चिपा ढकलण्याच्या दिशेला आडव्या बसतात, त्यामुळे लांबीच्या दिशेने बोर्ड चटकन मोडतो. दोन्ही बाजूंना पातळ बोर्ड चिकटवल्यावर मात्र दाराचा उत्तम गाभा होतो. क्राफ्ट कागदाच्या मधमाशीच्या पोळ्यासारख्या जाळीवर पातळ बोर्ड चिकटवूनही पॅनेल करतात. जाड टेबलटॉपसाठी ते फार चांगलं, पण कडेने लाकडी चौकट लागते.

हलक्या बोर्डाचा एक फायदा फारसा बोलला जात नाही. दाट बोर्डात अडकलेली वाफ प्रेस उघडताना कधीकधी गाभा फोडते. विरळ गाभ्यातून ती सहज निघून जाते.

अडचण येते ती जोडकामात. युरोपीय मानक ईएन ३१२ मध्ये फर्निचरच्या साध्या पी२ बोर्डाला (जाडी १३ ते २० मिमी) वाकण्याची ताकद ११ न्यूटन प्रति चौरस मिमी आणि अंतर्गत पकड (बोर्ड जाडीच्या दिशेने ओढून उकलायला लागणारी ताकद) ०.३५ लागते. चांगले बाह्य थर असले की वाकण्याच्या कसोटीत हलका बोर्ड तरतो. अंतर्गत पकड आणि स्क्रू ओढण्याची ताकद गाभ्यावर ठरते, आणि तिथे तो कमी पडतो. कपाटाच्या दाराला बिजागरी बसवताना ३५ मिमी व्यासाचा, सुमारे १२ मिमी खोल खड्डा पाडतात. १८ मिमीच्या दारात तो दाट थर ओलांडून थेट गाभ्यात जातो. कडेतून मारलेला स्क्रू तर पूर्णपणे गाभ्यातच बसतो. म्हणून अशा बोर्डाला जाड आट्यांचे स्क्रू किंवा डिंकाने बसवलेली प्लास्टिकची बुशिंग (स्क्रू धरणाऱ्या नळ्या) लागतात, आणि कड झाकणारी पट्टी चिकटवताना भोकं भरून घ्यावी लागतात. ठराविक जागी, जिथे बिजागरी येणार तिथे, गाभा दाट ठेवणं हा आणखी एक उपाय. त्यासाठी दाराचं माप आधीच पक्कं असावं लागतं.

जुना बोर्ड मोडीत निघाला की गाभ्यात काय भरलं होतं याला पुन्हा महत्त्व येतं. नुसत्या चिपांचा, काडाचा किंवा लाह्यांचा बोर्ड दळून नव्या गादीत घालता येतो. पॉलिमरचे मणी असलेला बोर्ड दळला की ते मणी चिपांबरोबरच येतात आणि वेगळे काढत बसावे लागतात.