मूल सांभाळतं कोण? मुंबईतल्या घरांची पार्श्वभूमी

आताचे बाबा लेकराला आंघोळ घालतात, डबा भरतात, पालकसभेला जातात. याचं कौतुक व्हायलाच हवं. पण मुंबईतला बाप मुलांपासून लांब गेला कधी, हेही विचारायला हवं. त्याचं उत्तर या शहराच्या कामधंद्यात आहे.

१८५० च्या दशकात इथे पहिली कापड गिरणी निघाली. पुढे कित्येक पिढ्या रत्नागिरी, सातारा भागातले पुरुष गिरणगावात येत राहिले, बहुतेक एकटेच. एका गाळ्यात पंधरा-वीस जण, पाळीनुसार झोपायचे, जेवायला खानावळीत जायचे. माझे आजोबा लालबागला असेच राहिले. मुलांना ते भेटायचे गणपतीत आणि शिमग्याला. एरवी बाप यायचा तो मनीऑर्डरने. त्या फॉर्मच्या कुपनावर मजकुराला चार बोटं जागा असायची. आजीने जपून ठेवलेल्या एका कुपनावर एवढंच आहे: ‘पैसे पोचताच कळवणे. बाळूस शाळेत घालणे. पावसाआधी कौले बघणे.’ बाळू म्हणजे माझे वडील. ही माया कमी होती असं मी कधीच म्हणणार नाही. पण बाळूला शाळेत घातलं आजीने, तापात उशाशी बसली थोरली चुलती.

शहरात राबणाऱ्या बायकांचे हाल याहून कठीण होते. १९२० च्या दशकात गिरण्यांत साधारण पाचांत एक कामगार बाई होती. तान्हं मूल ठेवायचं कुठे? शेजारीण असली तर तिच्याकडे. नाहीतर ते झोपून राहावं म्हणून अफू घातलेली बाळगोळी द्यायची. त्या आयांना कुणी निर्दय म्हणू नये, कामाची पाळी चुकली तर चूल पेटत नव्हती. मुंबई प्रांताने १९२९ मध्ये बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा केला, तो देशातला असा पहिला. आदल्या वर्षी विधिमंडळात बाबासाहेब आंबेडकरांनी त्याची बाजू मांडली होती. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा भार सरकारनेही उचलावा, असं ते म्हणाले. मूल वाढवणं ही एकट्या घराची भानगड नाही, हे इतक्या आधी इथेच कुणीतरी ठणकावून सांगितलं होतं.

१९४८ च्या कारखाने कायद्याने पन्नासहून जास्त बायका कामाला असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं. १९७६ मध्ये हा आकडा तीसवर आला. मोजायच्या त्या फक्त बायका. कारखान्यात हजार पुरुष असले तरी त्यांनाही मुलं आहेत, हे कायद्याच्या गावीही नव्हतं. बाईला कामावर घ्यायचं तर पाळणाघराचा खर्च आणि पुरुषाला घ्यायचं तर काहीच नाही, असा हिशेब कायद्यानेच मालकाच्या हाती दिला.

मग १८ जानेवारी १९८२ चा गिरणी कामगारांचा संप आला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, बरेच कायमचे. गिरणगावातल्या कितीतरी घरांत बाई धुणीभांडी, पापड, डबे करून घर चालवू लागली, आणि मुलांना शाळेत सोडायला बाप जाऊ लागला. ती वेळ त्याने मागून घेतलेली नव्हती. अनेकांना त्याची लाज वाटायची, काही दारूत बुडाले. पण आमच्या चाळीत नळावर पोराचा सदरा धुणारे जॉबर, म्हणजे गिरणीतले मुकादम, मी लहानपणी पाहिलेत. मुंबईत घर सांभाळणारा बाप पहिल्यांदा असा दिसला. त्या इतिहासाबद्दल आपण फार कमी बोलतो.

पुढे वस्ती डोंबिवली, विरारकडे सरकली. मुलं उठायच्या आधी लोकल पकडायची, ती झोपल्यावर परतायचं. आईही नोकरीला, म्हणून मधले बारा तास आजी-आजोबांचे, पाळणाघरवाल्या काकूंचे, कामाला येणाऱ्या ताईंचे. त्या ताईंची स्वतःची मुलं त्या वेळी कुणाकडे असतात, हा प्रश्न मला छळतो.

बापाच्या रजेचं पाऊल छोटं आहे. केंद्र सरकारी नोकरांना १९९७ पासून १५ दिवस. खासगी नोकरीतल्या बापाला रजा देणारा देशव्यापी कायदा नाही. प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने आईची रजा २६ आठवडे केली आणि पाळणाघरासाठी पन्नास ‘कर्मचारी’ मोजायला सांगितलं, बाई असो की पुरुष. ही मोठी गोष्ट झाली. पण दिवसातून चार वेळा बाळाला भेटायला जायची मुभा त्याच कायद्याने फक्त आईला दिली.

माझी मुलगी जाते त्या पाळणाघरात दाराशी एक वही असते. ‘नेणाऱ्याची सही’ असा रकाना. परवा मागची पानं चाळली. आजी, आजोबा, आई, मावशी, वरच्या मजल्यावरच्या काकी. मंगळवारी आणि शुक्रवारी मिळून सात सह्या बाबांच्या, त्यातली एक माझी, ७ वाजून ४० मिनिटांची.