अमेरिकेतलं हायस्कूल म्हणजे नुसती मजा? नाही हो
"तिकडे अभ्यासच नसतो, पोरं फुटबॉल खेळतात नि पार्ट्या करतात" हे आपल्याकडे वर्षानुवर्षं चाललंय आणि ते साफ चुकीचं आहे, तिथल्या पोरांवर अन्याय आहे हा. न्यू जर्सीतल्या एडिसनसारख्या उपनगरातलं सरकारी हायस्कूल घ्या, बारावीसारखी एकच मोठी बोर्डाची परीक्षा नसते हे खरं, पण मग नववीपासून चारही वर्षं क्विझ, होमवर्क, प्रोजेक्ट सगळ्याचे मार्क ग्रेडमध्ये धरतात, एक वर्ष घसरलं तरी कॉलेजला दिसतं. हायस्कूल पास व्हायला 120 क्रेडिट लागतात, म्हणजे एकेक विषय पूर्ण केला की मिळणारे पॉइंट. वर बरीच पोरं एपी घेतात, म्हणजे कॉलेजच्या लेव्हलचे विषय, त्याची परीक्षा मे महिन्यात. शाळेची फी मात्र खरंच नसते, खर्चाचा मोठा भाग घरपट्टीतून येतो आणि शाळा घराच्या पत्त्यावरून ठरते, म्हणून तर चांगल्या शाळेच्या हद्दीत घरं महाग असतात.