दिवस गेल्यावर ‘मूडची गोळी’: लिथियम आणि व्हॅल्प्रोएट

परळला एका मेडिकलच्या काउंटरवर मी उभी असते. केईएम आणि वाडिया ही हॉस्पिटलं हाकेच्या अंतरावर, त्यामुळे चिठ्ठ्या तऱ्हेतऱ्हेच्या येतात. गेल्या पावसाळ्यात नायगावची एक मुलगी आली. छत्री मिटता मिटता अर्धी वापरलेली स्ट्रिप काउंटरवर ठेवून हळूच म्हणाली, “ताई, ही बंद केली तर चालतं ना? आठवडा झाला, घेतच नाहीये.” पाळी चुकून पंधरा दिवस झाले होते.

स्ट्रिप लिथियमची होती, ३०० मिलिग्रॅम. बंद का केली म्हणून विचारलं, तर मामेबहिणीला तिच्या डॉक्टरांनी बजावलं होतं: मूल हवं असेल तर आधी ही गोळी बदलू, हिच्यावर दिवस राहू द्यायचे नाहीत. मामेबहिणीची गोळी कोणती? दोनदा फोन लावल्यावर कळलं: व्हॅल्प्रोएट, फिटसाठी. दोघींच्या घरात गोळीचं नाव मात्र एकच, ‘डोक्याची गोळी’. एका औषधाचा इशारा दुसरीने आपल्या औषधाला लावून टाकला.

उलटी गफलतही पाहिली आहे. मैत्रिणीचं लिथियम नऊ महिने चालू राहिलं, म्हणजे ‘मूडची गोळी पोटुशीला चालते’, असं धरून एक बाई तिसऱ्या महिन्यापर्यंत व्हॅल्प्रोएट घेत राहिली. माझ्या मते ही गफलत पहिलीपेक्षा जास्त महागात पडणारी आहे.

गोंधळ होणं साहजिक आहे. बायपोलार या मूडच्या आजारात दोन्ही औषधं एकाच कामासाठी दिली जातात: मेनियाची म्हणजे बेलगाम उत्साहाची उसळी आणि नैराश्याची दरी, दोन्हींना आवर घालायचा. डॉक्टर दोन्हींना ‘मूड स्टॅबिलायझर’ म्हणतात. व्हॅल्प्रोएट कधी सोडियम व्हॅल्प्रोएट म्हणून येतं, कधी डायव्हॅलप्रोएक्स म्हणून. नाव लांबलं तरी पोटात गेल्यावर औषध तेच.

मुळात मात्र दोन्ही अगदी वेगळी. लिथियम हा एक क्षार. ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड यांनी १९४९ मध्ये मेनियावरचा त्याचा गुण प्रसिद्ध केला. व्हॅल्प्रोएट हे आम्ल प्रयोगशाळेत १८८२ मध्येच तयार झालं होतं. पुढे ऐंशी वर्षांनी फ्रान्समध्ये ते फिट रोखतं हे लक्षात आलं, आणि मूडसाठी त्याचा वापर त्यानंतरचा.

आता पोटातल्या बाळाचं. मेंदू आणि पाठीचा कणा जिच्यातून घडतो ती नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. तोवर पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. कित्येकींनी टेस्टसुद्धा केलेली नसते. व्हॅल्प्रोएटचा मोठा घाव नेमका याच काळात बसतो. आईने हे औषध घेतलं असेल तर १०० पैकी सुमारे १० बाळांमध्ये मोठं जन्मजात व्यंग आढळतं. एरवी हे प्रमाण दोन-तीन असतं. व्यंग दिसलं नाही म्हणजे सुटलो असंही नाही. १०० पैकी ३० ते ४० मुलांना पुढे बोलणं, चालणं, शिकणं यांत अडचणी येतात, आणि हा धोका पहिल्या तीन महिन्यांपुरता नसतो. फॉलिक ॲसिड घ्यायचंच, पण त्याच्या भरवशावर व्हॅल्प्रोएट निर्धोक होत नाही. म्हणून मूल होण्याच्या वयातल्या बाईला बायपोलारसाठी हे औषध शक्यतो देऊच नये, द्यावंच लागलं तर खात्रीच्या गर्भनिरोधनासकट, असं आज जगभर सांगितलं जातं. माझ्यापुरतं बोलायचं तर पंचविशीतल्या बाईच्या हातात ही चिठ्ठी दिसली की मी एक प्रश्न विचारतेच. काहींना राग येतो. येऊ दे.

लिथियमचा धोका हृदयाचा. १९७० च्या दशकातल्या नोंदींवरून तो फारच मोठा मानला गेला आणि एक अख्खी पिढी त्याला घाबरून राहिली. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या १३ लाखांहून जास्त गर्भारपणांच्या नोंदी तपासल्या गेल्या. पहिल्या तीन महिन्यांत लिथियम घेतलेल्या बायकांच्या १०० बाळांमागे हृदयाचा दोष २.४ बाळांत होता, न घेतलेल्यांमध्ये १.१५. डोस जसा जास्त तसा धोका वाढत गेला; दिवसाला ९०० मिलिग्रॅमच्या वर तो तिपटीच्या आसपास होता. म्हणजे धोका आहेच, पण तो मोजता येतो, डोस सांभाळून कमी करता येतो आणि पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत, गरज पडल्यास बाळाच्या हृदयाच्या इकोत, शोधता येतो.

लिथियमचा खरा त्रास वेगळाच आहे. ते किडनीतून बाहेर पडतं आणि किडनी त्याला मिठासारखंच वागवते. गर्भारपणात किडनीचं काम वाढतं, लिथियम भराभर निघून जातं, रक्तातली पातळी घसरते. बाळंतपणानंतर किडनी पूर्ववत होते आणि वाढवलेला डोस तसाच राहिला तर पातळी एकदम चढते. म्हणून साधारण महिन्याला एकदा, शेवटच्या महिन्यात दर आठवड्याला रक्त तपासायचं. शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी: रात्री नऊला गोळी, सकाळी नऊला रक्त, आणि सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यावर. नमुना हिरव्या झाकणाच्या नळीत घेऊ नये, कारण त्या नळीत बहुधा लिथियम हेपॅरिन असतं आणि आकडा खोटाच फुगतो. मुंबईत घरी येऊन रक्त नेणाऱ्या मुलांना हे सांगावं लागतं.

आणि आपल्या घरातले नियम! पायाला सूज दिसली की सासूबाई म्हणणार, मीठ सोड. लिथियमवर असताना मीठ एकदम तोडलं तर किडनी लिथियम धरून ठेवते. हरतालिकेचा निर्जळी उपवास, ऑक्टोबरचा उकाडा, सकाळच्या उलट्या, यांनी शरीर सुकलं की तेच होतं. हात जोरात थरथरणं, तोल जाणं, जीभ जड होणं, जुलाब, उलट्या: हे ‘गरोदरपणाचे डोहाळे’ म्हणून सोडून द्यायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा. बाळंतपणानंतर दुखण्यावर आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक लिहून देतात; त्यांनीही पातळी चढते. प्रसूती करणाऱ्या डॉक्टरांना लिथियम आधीच सांगून ठेवायचं.

दूध पाजायची वेळ आली की पारडं फिरतं. लिथियम दुधात बऱ्यापैकी उतरतं, म्हणून अनेक डॉक्टर अंगावर पाजायला नको म्हणतात, किंवा पाजायचंच तर बाळाचंही रक्त तपासत राहतात. व्हॅल्प्रोएट दुधात फार कमी येतं. पण ते घेताना पुन्हा दिवस गेले तर मूळचा धोका परत दारात उभा.

मग दोन्ही बंद केली तर? नायगावच्या मुलीने तेच केलं होतं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ८९ जणी होत्या. औषध थांबवलेल्यांपैकी ८५ टक्क्यांहून जास्त जणींचा आजार गर्भारपणातच उलटला, चालू ठेवलेल्यांत ३७ टक्के. लिथियम झटक्यात तोडणं जास्त वाईट. बाळंतपणानंतरचे पहिले दोन आठवडे तर सगळ्यात नाजूक. एरवी हजार बाळंतपणांमागे एक-दोघींना होणारा सायकोसिस, म्हणजे भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटणं, बायपोलारच्या तीव्र प्रकारात साधारण पाचातल्या एकीला गाठतो. व्हॅल्प्रोएटवर दिवस गेले तरी मनाने तोडायचं नाही, विशेषतः ते फिटसाठी असेल तर. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. क्वेटियापीन, लॅमोट्रिजीन असे पर्याय आहेत, पण निवड त्यांची.

त्या मुलीला मी गोळी चालू कर असंही सांगितलं नाही. तो माझा अधिकार नाही. पाठीमागे ग्राहक ताटकळत होते. कागदावर दोन ओळी लिहून दिल्या: औषधाचं नाव, बंद केल्याची तारीख. आणि म्हटलं, उद्या सकाळी मानसोपचाराच्या ओपीडीत हाच कागद दाखव, मध्येच घाबरलीस तर १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन कर, मराठीत बोलतात.

दोन महिन्यांनी आली. चिठ्ठीवर लिथियमच होतं, डोस कमी, आणि खाली डॉक्टरांच्या अक्षरात रक्ताच्या पुढच्या चार तारखा. नवराही सोबत होता. मला विचारत होता, बाळ झाल्यावर रात्रीची एक बाटली मी दिली तर हिची झोप सलग होईल ना. दहा बाय बाराच्या खोलीत झोपेचं गणित कसं बसवायचं, यावर त्यांचं काउंटरवरच भांडण सुरू झालं.