पटाशी आणि रंध्याच्या पात्याला धार लावायला काय घ्यावं?

दुकानात येणारा जवळपास प्रत्येकजण विचारतो "सगळ्यात भारी दगड कुठला?" आणि खरं सांगायचं तर ऑइल स्टोन (तेल लावून वापरायचा दगड), वॉटर स्टोन (पाणी लावून वापरायचा), डायमंड प्लेट (हिऱ्याचे बारीक कण बसवलेली धातूची प्लेट) किंवा काचेवर चिकटवलेला वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा सँडपेपर), कशावरही हातावरचे केस निघतील एवढी धार येते. प्रश्न एवढाच की काम चालू असताना मधेच उठून धार लावायचा तुम्हाला कंटाळा येणार की नाही. मांडामांड जास्त असली की माणूस बोथट पटाशीच हातोडा मारून रेटत बसतो, मग लाकूड फाटतं.

वॉटर स्टोन पटापट कापतो, 1000 ग्रिटवर (ग्रिट म्हणजे कणांचा बारीकपणा, आकडा जितका मोठा तितके कण बारीक) धार बसते, 6000-8000 वर चकाकी येते. पण दगड मऊ, मधोमध खोलगट होतो आणि त्याच्यावर घासलेलं पातं पण गोलसर व्हायला लागतं. म्हणून दगडावर पेन्सिलने चौकटी आखायच्या आणि खरखरीत डायमंड प्लेटवर घासायचा, सगळ्या रेघा गेल्या की दगड सपाट झाला. हे जमणार नसेल तर वॉटर स्टोन घेऊ नका, आमचा माल विकला नाही गेला तरी चालेल. ऑइल स्टोन वर्षानुवर्षं टिकतो, साध्या कार्बन स्टीलला छान, पण ए2 किंवा हायस्पीड अशा चिवट मिश्र स्टीलला फार वेळ खातो. वॉटर पेपर सुरुवातीला स्वस्त पडतो, नंतर सारखा आणावा लागतो.

बहुतेकांना आम्ही डायमंड प्लेटच सुचवतो, साधारण 400 आणि 1000 ची, आणि शेवटच्या चकाकीला पॉलिशिंग पेस्ट लावलेला चामड्याचा पट्टा. प्लेट खोलगट होत नाही, पाणी शिंपडलं की काम सुरू. नवीन असताना जास्त खरखरीत कापते ते नॉर्मल आहे, आणि जोर देऊ नका, हिऱ्याचे कण निखळतात.

बेंच ग्राइंडर फक्त तुकडा उडालेल्या धारेसाठी. टोक तापून निळं पडलं म्हणजे तिथल्या पोलादाचं पाणी (कडकपणा) उतरलं, तेवढा भाग मऊ झाला, तो घासून काढल्याशिवाय धार टिकणार नाही, त्यामुळे पाण्यात बुडवत बुडवत करा.

अँगल हाताने धरता येत नसेल तर हॉनिंग गाईड (पातं ठरलेल्या अँगलला धरून ठेवणारा छोटा चाकवाला शिकंजा) घ्याच, त्यात लाज कसली. बाजूने पकडणाऱ्या साध्या गाईडमधे पटाशी 40 मिमी बाहेर काढली की अंदाजे 25 अंश, 30 मिमी काढली की 30 अंश. लाकडाच्या तुकड्यावर ही मापं ठोकून ठेवा, दरवेळी पट्टी शोधायला नको. 25 वर मुख्य उतार आणि टोकाला 30 ची बारीक पट्टी, एवढं बहुतेक कामाला पुरतं, भोकं पाडायच्या जाड पटाशीला 30-35 ठेवा.

नवीन पटाशीची पाठ आधी सपाट करा, पूर्ण नाही, टोकाकडचे दोन-तीन सेंटीमीटर बास. मग उतार घासताना पाठीवरून अंगठा धारेच्या बाहेरच्या दिशेने हलकेच फिरवा, कडेला बारीक खरखर सगळ्या रुंदीभर लागली तरच पुढच्या ग्रिटवर जा. मधेच कुठे लागत नसेल तर तिथे अजून धार पोचलेली नाही, 8000 चा दगडही तिथे काही करू शकत नाही.

घ्यायला येताना तुमचं सगळ्यात रुंद पातं मोजून या, प्लेट त्याच्यापेक्षा रुंद हवी. कार्बाइडचं टोक असेल तर तेही सांगा, त्याला डायमंडच लागतं.